डोळ्याने उजेड मोजणारे दादासाहेब फाळके

दादासाहेब फाळके यांचे नाव ठाऊक नाही असा वाचक आपल्यात क्वचितच सापडेल. पहिला भारतीय कथाचित्रपट त्यांनी काढला, त्यांच्या नावाने भारत सरकार १९६९ सालापासून पुरस्कार देते, मुंबईत दादरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे, एवढे आपण सारेच जाणतो. त्यांच्या धडाडीच्या गोष्टीही पुष्कळदा सांगितल्या जातात. आज त्यांचे चरित्र सांगताना आम्ही मात्र एकच धागा हाती धरणार आहोत. हा मनुष्य कॅमेऱ्यामागे उभा राही तेव्हा समोर उजेड किती आहे आणि त्यातला फिल्मवर किती घ्यावयाचा, हे तो कशावरून ठरवीत असे?

प्रश्न किरकोळ वाटेल, पण सारे चित्र त्यावरच उभे असते. उजेड जास्त शिरला तर चेहरे पांढरेफटक होतात, कमी शिरला तर सारा काळोख. आज आपल्या खिशातील फोन हे काम आपण बोट लावण्यापूर्वीच उरकून टाकतो. त्याच्या पोटात उजेड मोजण्याची सोय असते, आणि मोजण्याचे काम चालू आहे याची आपल्याला जाणीवही होत नाही. फाळक्यांच्या वेळी फिल्म महाग, पैसा उसना, आणि घेतलेले चित्र साधले की बिघडले हे रात्री फिल्म धुतल्याशिवाय कळावयाचे नाही.

हा विषय आम्हांला सुचला तो येथील उजेडामुळे. आम्ही राहतो ते ते रापा हे न्यूझीलंडमधील हॅमिल्टन शहराच्या वायव्येचे उपनगर. येथे जूनमध्ये ऐन थंडी असते, आणि त्या दिवसांत भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २९ अंश वर चढतो, तोही उत्तरेच्या बाजूस. मुंबईला डिसेंबरातील दुपारी तो ४८ अंशांच्या आसपास, दक्षिणेकडे असतो. वाइकाटो नदीच्या या खोऱ्यात थंडीच्या सकाळी दाट धुके पडते, आणि उन्हाळ्यात हवा इतकी स्वच्छ की ऊन अंगाला टोचते. मुंबईत किंवा कोकणात बांधलेला उजेडाचा अंदाज येथे जसाच्या तसा चालत नाही. मग डोळ्यावर विसंबावे की यंत्रावर? तरुण मंडळींचे उत्तर ठरलेले असते, यंत्रावर. आम्ही शिक्षकी पेशातील. उत्तर ऐकून घेतो, पण ते कोणत्या रीतीने काढले हेही विचारतो. ती रीत पाहावयाची तर फाळक्यांच्या आयुष्याइतका चांगला धडा दुसरा नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईस कॉलेजात अध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब तिकडे गेले. मुलाचा ओढा चित्रकलेकडे, म्हणून १८८५ साली त्याला जे. जे. कलाशाळेत घातले. पुढे तो थोरल्या भावाबरोबर बडोद्यास गेला आणि सयाजीराव महाराजांच्या कृपेने १८९० साली तेथे निघालेल्या कलाभवनात दाखल झाला.

कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रातील नावाजलेले गृहस्थ. विद्यार्थ्याची चिकाटी पाहून त्यांनी तेथील फोटोग्राफीची खोली व प्रयोगशाळा त्याला वापरावयास दिली. चित्रकाराला उजेड रंगरूपात दिसतो. रसायन जाणणाऱ्याला ठाऊक असते की उजेड हा चांदीच्या क्षारावर घडणारा एक परिणाम आहे, आणि तो किती होईल हे मोजता येते. फाळक्यांना हे दोन्ही पाठ एकाच ठिकाणी मिळाले. त्यांच्या पुढील साऱ्या कामाचा पाया येथे घातला गेला असे आम्हांस वाटते.

त्या काळी उजेड मोजण्याचे साधन मुळीच नव्हते असा काहींचा समज असतो, तो बरोबर नाही. १८९० सालीच इंग्लंडात हर्टर व ड्रिफील्ड या दोन संशोधकांनी, काचेवर पडलेला उजेड आणि तीवर उमटणारा काळेपणा यांचा हिशेब मांडून दाखवला होता. त्याच वर्षी हेरफर्डच्या आल्फ्रेड वॉटकिन्स यांनी खिशात मावणारा एक मापक काढला. त्यात उजेडाने काळवंडणारा कागद असे. तो नमुन्याच्या रंगाइतका काळा व्हावयास किती सेकंद लागतात ते मोजावयाचे आणि चकती फिरवून उत्तर काढावयाचे. स्थिर फोटो काढणाऱ्याला हे साधन बरे होते. पण ढग सरकत असता, नट रंगात आले असता, कागद काळवंडण्याची वाट कोण पाहणार? म्हणून कामाच्या घाईत बहुतेक फोटोग्राफर डोळ्याचा आणि छापील कोष्टकांचा आधार घेत.

कलाभवनानंतर फाळक्यांनी गोध्र्यास फोटोचा व्यवसाय मांडला. तेथे त्यांच्यावर मोठाच घाला पडला. प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दोन्ही गेली. ते बडोद्यास परतले, तर तेथे लोकांची समजूत अशी की फोटो काढला की आयुष्य घटते. गिऱ्हाईक येईना. मग नाटकांचे पडदे रंगव, जादूचे प्रयोग कर, असे करीत दिवस काढले. १९०२ साली त्यांनी दुसरा विवाह केला. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. त्यांचे नाव पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. १९०३ साली पुराणवस्तू खात्यात ड्राफ्ट्समन व फोटोग्राफर म्हणून नोकरी मिळाली, पण स्वदेशीच्या लाटेत तीही त्यांनी सोडली.

त्यानंतर ते छपाईच्या धंद्यात शिरले. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केले, मग लोणावळ्यास स्वतःचा ब्लॉक करण्याचा व छपाईचा कारखाना काढला, तो पुढे दादरला आणला, आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीची वारी केली. हाफटोन ब्लॉक करणाऱ्याचे सारे काम करड्या रंगाच्या पायऱ्या ओळखण्याचे. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत कोणती छटा कागदावर टिकेल आणि कोणती बुजेल, हे त्याला आधी ओळखावे लागते. चुकले तर ब्लॉक वाया जातो आणि पैसे खिशातून जातात. अशी वर्षे घालवलेला मनुष्य चेहऱ्यावरचे ऊन आणि दारातली सावली पाहतो तेव्हा ती छापल्यावर कशी दिसतील तेच त्याला दिसू लागते. फाळक्यांचा डोळा असा घडला. त्यात जन्मजात देणगी किती होती हे कोण सांगणार? मेहनत किती होती ते मात्र स्पष्ट आहे.

भागीदारांशी न पटल्याने छापखानाही सुटला. चाळिशी उलटलेली, हाती काम नाही, आणि अशा वेळी मुंबईत एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. ही गोष्ट १९१०-११ च्या सुमाराची. आपल्याकडच्या पुराणकथा पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने त्यांना पछाडले. रोज सायंकाळी चित्रपट पाहावयाचे, रात्री जागून त्याविषयी वाचावयाचे, झोप नावाला. त्याचा परिणाम डोळ्यांवर झाला. डोळे सुजले आणि दृष्टी जवळजवळ गेली. डॉक्टर प्रभाकर यांनी उपचार करून, चष्मे बदलून बदलून, ती परत आणली.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. ज्या धंद्यात सारी भिस्त डोळ्यावर, त्या धंद्याच्या उंबरठ्यावरच डोळे जाण्याची पाळी आली होती. दुसरा कोणी असता तर डोळे सांभाळून घरी बसला असता. फाळके बरे झाले आणि थेट विलायतेला निघाले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी प्रवासाचे पैसे उभे केले.

१९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला पोहोचले. ओळख कोणाचीच नव्हती. चित्रपटांवरील ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाची पाटी पाहून ते आत शिरले. संपादक कॅबोर्न यांनी प्रथम या धंद्यातील धोके सांगून त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, पण पाहुण्याचा निश्चय पाहून वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ व सारी कृती मोकळेपणाने दाखवली. फाळक्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे, धुण्याचे व छापण्याचे सामान घेतले आणि १ एप्रिलला ते मुंबईत परत आले.

आता हिशेब पाहा. फेब्रुवारीच्या मध्यास लंडनला दुपारचा सूर्य २५ अंशांच्या आसपास असतो, आणि तो दिसेलच याची खात्री नसते. १ एप्रिलला मुंबईत तो ७५ अंशांवर असतो. येथील थंडीतील सूर्य साधारण त्या लंडनच्या सूर्यासारखाच खाली असतो, म्हणून तो फरक केवढा हे आम्हांला अंगणात उभे राहून कळते. हेपवर्थ यांच्याकडून यंत्र चालवणे शिकता आले, पण तेथे लावलेले भिंगाचे माप मुंबईच्या उन्हात उपयोगी पडण्यासारखे नव्हते. शिवाय खाली उतरलेल्या सूर्याचा उजेड चेहऱ्यावर तिरपा येतो, आणि डोक्यावरच्या सूर्याने डोळ्यांच्या खोबणीत व नाकाखाली काळी सावली पडते. तेव्हा यंत्र विलायती असले तरी उजेडाचे ज्ञान फाळक्यांना घरचेच वापरावे लागले, आणि ते वीस वर्षांचे साठलेले होते.

परत आल्यावर त्यांनी पहिली परीक्षा घेतली ती एका रोपट्यावर. कुंडीत वाटाणा पेरून तो उगवताना, वाढताना, त्याची थोडी थोडी चित्रे बरेच दिवस घेतली आणि जोडून दाखवली तेव्हा मिनिटभरात बीचा वेल झाला. ही फिल्म पाहून परिचितांची खात्री पटली आणि कर्ज मिळाले. मौज म्हणून ही गोष्ट सांगतात, पण तिच्यात उजेडाचा मोठा धडा आहे. अशा फिल्मेत आज घेतलेले चित्र काल घेतलेल्या चित्राशेजारी येते. एक उजळ व एक मंद झाले तर पडद्यावर सारे लुकलुकू लागते. दररोज सारखाच उजेड फिल्मवर घेणे ही हाताची आणि नजरेची परीक्षाच आहे.

आता ‘राजा हरिश्चंद्र’कडे येऊ. दादरला मथुरा भुवन या बंगल्यात स्टुडिओ थाटला. स्टुडिओ म्हणजे काय, तर सूर्य. विजेच्या दिव्यांचा तेथे आधार नव्हता. फिल्म आजच्या मानाने फारच मंद, तिला भरपूर ऊन लागे. पण नुसत्या उन्हात सावल्या काळ्याकुट्ट येतात. म्हणून पांढऱ्या चादरी धरून ऊन परतवून चेहऱ्यावर टाकावे लागे. त्या चादरी धरून सरस्वतीबाई तासन् तास उन्हात उभ्या राहात. चित्रणासाठी त्यांनी आपले दागिने दिले हे सर्वांना ठाऊक आहे. पण चादर दोन हात पुढे घ्यावी की मागे, किंचित तिरपी करावी की सरळ, हे कामही तितकेच महत्त्वाचे होते. ती चादर हलली की चेहऱ्यावरचा उजेड हलला.

कॅमेऱ्याचे हँडल फिरवण्यास फाळक्यांनी आपले त्र्यंबकेश्वरचे मित्र त्र्यंबक तेलंग यांना तयार केले. हे हँडल हासुद्धा उजेडाचा मापच होता, तो असा. हँडलाच्या एका फेऱ्यात आठ चित्रे घेतली जात. सेकंदाला दोन फेरे फिरवले की सोळा चित्रे होतात, आणि झडप अर्धा वेळ उघडी राहात असल्याने प्रत्येक चित्राला सेकंदाचा सुमारे बत्तिसावा भाग उजेड मिळतो. हात मंदावला की उजेड वाढला, हात घाईत आला की कमी झाला. म्हणजे भिंगाचे तोंड किती उघडावे हे डोळ्याने ठरवावयाचे आणि ते ठरलेले माप हाताने पाळावयाचे. तबल्याचा ठेका चुकू नये तसा हा फेरा चुकून चालत नसे.

आणखी एक अडचण होती, आणि ती डोळ्याने सहजी ओळखता येणारी नव्हती. त्या वेळची फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. निळे तिला पांढरे दिसे आणि लाल तिला काळे. कपाळावरचे कुंकू, लाल लुगडे, भगवी कफनी, सारे काळपट उतरावयाचे. निळे आभाळ पांढरे व्हावयाचे. माणसाच्या डोळ्याला लाल लुगडे झगझगीत दिसते, पण फिल्मला तेथे काळोख असतो. याचा अर्थ, नुसते डोळ्याला काय दिसते ते पाहून भागत नसे. फिल्मला काय दिसेल ते मनात पाहावे लागे.

मुळात माणसाचा डोळा उजेड मोजण्यास फारसा लायक नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो, आणि दिवा लावलेल्या चांगल्या खोलीत चारपाचशे. दोनशेपट फरक. पण उन्हातून आत आलेल्या माणसाला खोली दोनशेपट अंधारी वाटत नाही, थोडी मंद वाटते, आणि पाच मिनिटांनी तेवढीही वाटत नाही. बाहुली लहानमोठी होते, डोळ्याच्या आतला पडदा सवय करून घेतो. पाहण्यासाठी देवाने दिलेली ही सोय मोजण्याच्या कामी मात्र दगा देते. म्हणून यंत्राची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. कच्चा डोळा फसतोच.

मग फाळक्यांचा डोळा का फसला नाही? आमच्या मते याचे उत्तर दिवसाच्या कामात नसून रात्रीच्या कामात आहे. दिवसा चित्रण झाले की रात्री त्याच घरात फिल्म धुतली जाई. कोऱ्या फिल्मला भोके पाडण्याचे किचकट काम आणि धुण्याची रसायने तयार करण्याचे कामही सरस्वतीबाईच करीत, आणि तेही साऱ्या मंडळींचा स्वयंपाक उरकून. फिल्म तांबड्याला आंधळी असल्यामुळे एक फायदा होता. तांबड्या दिव्याच्या उजेडात ती धुता येई. चित्र हळूहळू उमटताना समोर दिसे. कमी उजेड बसला असेल तर थोडा वेळ जास्त ठेवावयाचे, जास्त बसला असेल तर लवकर बाहेर काढावयाचे. दुपारी केलेला अंदाज बरोबर होता की चूक, याचा निकाल त्याच रात्री त्याच डोळ्यांसमोर लागे. दुसऱ्या दिवशी ऊन पाहताना ती रात्रीची फिल्म आठवे. शाळेच्या भाषेत सांगावयाचे तर गृहपाठ रोज तपासला जात होता.

फाळक्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात ते फिल्मची पट्टी डोळ्यासमोर धरून बारकाईने तपासताना दिसतात. कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या फाळक्यांपेक्षा हे फाळके आम्हांला अधिक खरे वाटतात.

‘राजा हरिश्चंद्र’ पुरा व्हावयास सहा महिन्यांहून अधिक काळ लागला. सुमारे ३,७०० फुटांची ही फिल्म ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसाठी लागली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, तारामती झाले अण्णा साळुंके, कारण स्त्रिया काम करावयास तयार नव्हत्या, आणि रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. उजेडाचा अंदाज चुकत गेला असता तर कर्जाची फिल्म, पत्नीचे दागिने आणि घरादाराची मेहनत एकदमच पाण्यात गेली असती. तसे झाले नाही. लोकांना पडद्यावर चेहरे स्पष्ट दिसले आणि त्यांनी चित्रपट डोक्यावर घेतला.

पुढे ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, आणि १९१७ साली ‘लंका दहन’ हे चित्रपट आले. ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१८ साली भांडवलदारांसह नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. त्याच वर्षी ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि १९१९ साली ‘कालिया मर्दन’ आला. या दुसऱ्या चित्रपटात बाळकृष्ण झाली होती फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. हा चित्रपट आजही पाहावयास मिळतो. त्यातील चेहऱ्यावरचे हावभाव शंभर वर्षांनंतरही स्वच्छ दिसतात, आणि ते कोणत्याही विजेच्या मापकाशिवाय टिपलेले आहेत हे विसरू नये.

भागीदारांशी पुन्हा बेबनाव झाला. फाळके काशीस गेले, तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, आणि काही काळाने परत येऊन कंपनीसाठी चित्रपट काढीत राहिले. पण याच सुमारास जग बदलत होते. १९२० नंतरच्या दशकात सर्व रंग ओळखणारी नवी फिल्म हळूहळू रूढ झाली. लाल लुगडे आता काळे येईना, आभाळात ढग दिसू लागले. फायदा मोठा होता. मात्र ही फिल्म तांबडा दिवाही ओळखी, त्यामुळे ती पूर्ण अंधारात, घड्याळ व उष्णतामान पाहून धुवावी लागे. चित्र उमटताना पाहण्याची सोय गेली. रात्री चूक सावरून घेण्याचा मार्ग बंद झाला, म्हणून दिवसा माप अचूक असणे भाग पडले. १९३२ च्या सुमारास अमेरिकेतील वेस्टन कंपनीने सेलेनियम या धातूसारख्या द्रव्यावर चालणारा विजेचा प्रकाशमापक बाजारात आणला. काटा हलतो आणि आकडा सांगतो, थांबावयास नको. त्या काट्याने थोड्याच वर्षांत जग जिंकले ते काही लोकांचे डोळे अधू झाले म्हणून नव्हे. डोळ्याला रोज तपासून देणारी अंधारखोली हातची गेली, म्हणून.

बोलपटही आला. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. त्याची कथा आपल्या समाजाचे नाटककार जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावरून घेतलेली होती, हे वाचकांना ऐकून समाधान वाटेल. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ १९३२ साली मूकपट म्हणून पुरा झाला आणि मग त्याला आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी १९३७ साली ‘गंगावतरण’ केला, तेव्हा त्यांचे वय ६७ होते. तो त्यांचा एकुलता एक बोलपट आणि शेवटचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. शेवटची वर्षे त्यांनी विस्मरणात व ओढाताणीत काढली. ज्या धंद्यात पुढे लाखोंची उलाढाल झाली त्याचा मूळ पुरुष असा गेला, याची खंत वाटल्यावाचून राहात नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास हवे. डोळा की यंत्र? यंत्राला एक गोष्ट अजिबात ठाऊक नसते, ती म्हणजे समोर काय आहे. साधा मापक असे धरून चालतो की जगातील सर्व वस्तू मिळून सरासरी करड्या असतात. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरे लुगडे नेसलेली बाई उभी करा, तो भिंतीला व लुगड्याला करडे करून टाकील. काळ्या दारापुढे काळा कोट घातलेला गृहस्थ उभा करा, तो कोटालाही करडा करील. आजच्या फोनमध्ये याहून हुशार योजना असतात, ते चेहरा ओळखतात, अनेक चित्रे एकत्र करतात, हे आम्ही जाणतो. तरी चित्रात लुगडे महत्त्वाचे की चेहरा, सावली ठेवावयाची की घालवावयाची, हे त्यांना बाहेरून कोणी सांगितल्यावाचून कळत नाही. ते माणसानेच ठरवावयाचे असते.

म्हणून फाळक्यांच्या चरित्रातून यंत्र फेकून द्यावे असा बोध आम्ही काढीत नाही. ते स्वतः यंत्रांचे भोक्ते होते. कॅमेऱ्यासाठी विलायत गाठणारा मनुष्य चांगले साधन नाकारील हे संभवत नाही. बोध इतकाच की डोळा आपोआप शहाणा होत नाही, त्याला रोज निकाल दाखवावा लागतो. ते रापाच्या धुक्यात किंवा टोचऱ्या उन्हात जो कोणी मापकाचा आकडा पाहण्यापूर्वी मनात एक अंदाज धरील, मग आकडा पाहील, आणि शेवटी चित्र पाहून दोन्ही ताडून घेईल, त्याचा डोळा वर्षभरात या देशाचा उजेड ओळखू लागेल. जो नुसता आकडाच पाहील त्याचा डोळा पहिल्या दिवशी होता तेथेच राहील. मुलांना हिशेब शिकवताना आम्ही शिक्षक मंडळी आधी अदमास करावयास लावतो आणि मग आकडेमोड, त्याचे कारणही हेच.

जाता जाता वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुंबईहून, अलिबागहून, पेणहून आणलेली जुनी छायाचित्रे पेटीत ठेवलेली असतील. एखादे खिडकीपाशी नेऊन नीट पाहा. आजीच्या पांढऱ्या पातळाच्या चुण्या आणि आजोबांच्या काळ्या कोटाची बटणे, दोन्ही एकाच चित्रात दिसत असतील, तर त्या दिवशी कॅमेऱ्यामागे उजेड ओळखणारा मनुष्य उभा होता असे समजा. त्याचे नाव बहुधा मागील बाजूस स्टुडिओच्या शिक्क्यातसुद्धा नसेल. पण कारागीर मात्र फाळक्यांच्याच जातकुळीचा.

ते रापा, न्यूझीलंड